वहीत नसलेला रकाना

मेक्सिको सिटीची फेब्रुवारी २०१९ मधली फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत ज्यांनी थेट पाहिली, त्यांना तिचा शेवट आठवून द्यावा लागत नाही. आपल्याकडे रविवारची पहाट होती. महिंद्राचा पास्कल वेर्लाइन पोल पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून, सुटला होता आणि पुढेच होता. त्याच्या मागे लुकास दी ग्रासी चिकटून. शेवटचं वळण झालं, समोर फक्त सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला अंतिम रेषा. तिथे वेर्लाइनच्या गाडीतली वीज संपली. धूर नाही, आवाज नाही, काही तुटलं-फुटलं नाही. गाडी नुसती मंदावली. दी ग्रासी बाजूने निघाला आणि रेषेच्या काही मीटर अलीकडे पुढे गेला. फरक ०.२१ सेकंदाचा. वर, शेवटच्या लॅपमध्ये वळण कापल्याबद्दल पंचांनी वेर्लाइनला पाच सेकंदांचा दंड केला आणि तो सहावा झाला.

नोंदवहीत आज काय सापडतं? दी ग्रासी पहिला, वेर्लाइन सहावा. नवखा माणूस तो निकाल वाचेल तर त्याला वाटेल, महिंद्राचा हा पोरगा कुठेतरी मध्येच घुटमळत होता. त्याच शर्यतीत निसानच्या दोन्ही गाड्यांचीही वीज शेवटाला संपली. एकीत सेबास्तियन ब्युएमी होता, या खेळातला बराच काळ सर्वाधिक विजयांचा मानकरी. दुसरीत ऑलिव्हर रोलंड, जो २०२५ मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे चालवता येत नाही म्हणून हरलेलं तिथे कुणीच नव्हतं.

माझी उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगात गेली. गाडी किती पळते याच्या आधी ती किती खाते हे विचारायची सवय तिथेच लागली. त्यामुळे असेल, पण विजेच्या शर्यतींचे विक्रम वाचताना मला एक रकाना सतत हवासा वाटतो आणि तो कुठेच मिळत नाही: रेषा ओलांडली तेव्हा शिल्लक किती होतं? हा खेळ खेळला जातो त्या आकड्यावर, आणि विक्रमांत तोच आकडा येत नाही.

हिशेब समजायला सोपा आहे. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीला अख्ख्या शर्यतीसाठी वापरायला मिळत होती ५२ युनिट. कोथरूडमधल्या चौघांच्या घरात तेवढी वीज आठ-दहा दिवसांत सहज जाते. इथे ती पाऊण तासात, २५० किलोवॉटची मोटर घेऊन, भिंतींना घासून जाणाऱ्या रस्त्यांवर पुरवायची. पाऊण तास पूर्ण ताकदीने पळता येईल एवढी वीज मुळात कुणालाच दिलेली नसते. ती कमीच पडावी अशा बेताने ठरवलेली असते. मग कुठे पाय काढायचा, कुठे गाडी तशीच वाहू द्यायची, कुठे दुसऱ्याच्या मागे लपायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं.

आधीच्या पिढीत तर याहून कडक मामला होता. वापरायची वीज २८ युनिट, आणि तेवढ्यात शर्यत पूर्ण होत नसे. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला दोन गाड्या असत. अर्ध्यावर पिटमध्ये यायचं, पट्टे सोडून बाहेर उडी मारायची, शेजारच्या चार्ज झालेल्या गाडीत घुसायचं आणि निघायचं. त्या दृश्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला मात्र ते फार आवडायचं. मर्यादा झाकून न ठेवता सगळ्यांसमोर मांडणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही.

पुढे जाण्याचा अर्थच इथे बदलतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सगळ्यांत पुढचा माणूस हवा फोडण्यात वीज घालवतो आणि मागचे त्याच्या आडोशाने ती वाचवतात. २०२३ मध्ये तिसऱ्या पिढीची गाडी आली, तेव्हा काही ट्रॅकवर पुढे राहायला कुणी तयारच होईना. पोर्टलंडच्या शर्यतीत ४०३ ओव्हरटेक मोजले गेले. त्यातले कितीतरी म्हणजे पुढच्याने केलेलं ‘जा बाबा तू पुढे’ होतं. पारंपरिक शर्यतीत ‘किती लॅप आघाडीवर’ हा आकडा अभिमानाने मिरवतात. इथे त्याच आकड्याचा अर्थ कधीकधी ‘किती लॅप उधळपट्टी’ असा होतो, आणि वहीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात.

यात ब्रेकचंही एक नवल आहे. तिसऱ्या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांचं नेहमीचं ब्रेकिंग मोटरच करते. वेग कमी होताना ६०० किलोवॉटपर्यंत शक्ती परत घेता येते. शर्यतीत वापरलेल्या विजेतली जवळपास चाळीस टक्के अशी ब्रेक लावून मिळवलेली असते. खंबाटकीचा घाट उतरताना ज्याने आपल्या गाडीतली टक्केवारी वाढताना पाहिली आहे, त्याला हे चटकन पटेल. चांगला ड्रायव्हर ब्रेक कुठे लावतो आणि किती वेळ लावतो, यावर त्याला पुढच्या सरळ पट्ट्यावर काय परवडणार हे ठरतं. मंदावणं हीसुद्धा कमाई असते.

हे सगळं डोळ्यांनी पाहायला मिळालं ते ११ फेब्रुवारी २०२३ ला, हैदराबादला. हुसेनसागरच्या काठाने २.८३ किलोमीटरचा रस्ता भिंती लावून बंद केला होता. पुण्याहून आम्ही चार-पाच जण गेलो होतो. टीव्हीवर या गाड्यांचा आवाज नुसता शिट्टीसारखा लागतो. प्रत्यक्षात टायर घासल्याचा, तळ आपटल्याचा, वळणावर शिरताना मोटर उलटी ओढल्याचा, असे सगळे आवाज वेगवेगळे कानावर येतात. इंजिनाच्या गडगडाटात ते एरवी बुडून गेले असते. थोडं लक्ष दिलं की नुसत्या कानाने कळायला लागतं, कुणी कधी पाय काढला. एकाच वळणावर एक गाडी खूप आधी गप्प होते, दुसरी भिंतीपर्यंत ओढते. आम्ही उभे होतो तिथे शेजारचे एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मीही थोडा वेळ तेच केलं.

त्या दिवशी जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. शेवटच्या लॅप्समध्ये त्याच्या मागे निक कॅसिडी होता, आणि कॅसिडीकडे वीज जास्त होती. कागदावर व्हेर्नने हरायला हवं होतं. पण तो प्रत्येक वळणावर गाडी नेमकी अशा जागी ठेवत होता की कॅसिडीला हातातली वीज खर्च करायला वावच मिळाला नाही. अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने व्हेर्नने रेषा ओलांडली. या खेळातली सगळी हुशारी मला त्या काही मिनिटांत दिसली: जवळ कमी असताना, ज्याच्याकडे जास्त आहे त्याला ते खर्चू न देणं. निकालात त्यासाठी शब्द एकच, ‘प्रथम’. त्याच्या इतर विजयांपुढेही तोच शब्द आहे.

मिच इव्हान्स त्या दिवशी पोलवरून सुटला होता. त्याच्याच जग्वार संघाचा सॅम बर्ड हेअरपिनवर, म्हणजे उलट फिरणाऱ्या तीव्र वळणावर, त्याच्यावर येऊन आदळला आणि दोघांचीही शर्यत तिथेच आटोपली. पुढच्या वर्षी हैदराबादची शर्यत रद्द झाली. पुन्हा ती भारतात कधीतरी यावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि आली तर पुण्यात का नको, असंही वाटतं. ज्या चाकणमध्ये आज विजेच्या गाड्या तयार होऊन बाहेर पडतात, वेताळ टेकडीच्या अंगाला जिथे एआरएआयमध्ये देशभरातली वाहनं तपासली जातात, त्या गावाला हा खेळ परका वाटू नये.

आता नोंदवहीच उघडू. पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ ला बीजिंगमध्ये झाली. शेवटच्या वळणावर निकोला प्रोस्ट आणि निक हाइडफेल्ड एकमेकांत अडकले, हाइडफेल्डची गाडी हवेत उलटली, आणि मागून आलेला दी ग्रासी जिंकला. महिंद्राकडून आपला करुण चंधोक पाचवा आला. पहिला जगज्जेता नेल्सन पिके ज्युनियर. ब्युएमीपेक्षा त्याचा एकच गुण जास्त होता. दुसऱ्या वर्षी ब्युएमी, दी ग्रासीच्या दोन गुणांनी पुढे. त्या वर्षीच्या लंडनच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्याच लॅपला दी ग्रासी ब्युएमीवर मागून आदळला. दोघांच्याही गाड्या निकामी. पण दुसरी गाडी होती ना! दोघंही तीत बसले आणि शर्यत सोडून केवळ सर्वांत जलद लॅपच्या दोन गुणांसाठी झुंजले. ते ब्युएमीने मिळवले आणि विजेतेपदही.

तिसरं वर्ष मला सर्वांत जास्त लागतं. ब्युएमीने पहिल्या आठपैकी सहा शर्यती जिंकल्या. अशी मजबुती या खेळात फार क्वचित कुणी दाखवली असेल. जुलै २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन शर्यती आणि नुर्बुर्गरिंगची सहा तासांची शर्यत एकाच वेळी आली, आणि टोयोटाशी केलेल्या करारामुळे त्याला नुर्बुर्गरिंगला जावं लागलं. पुढे माँट्रियलमध्ये गाडी वजनात कमी भरली म्हणून एका शर्यतीतून तो बाद ठरला. विजेता दी ग्रासी. पण दी ग्रासीला फुकट मिळालं असं म्हणायचीही सोय नाही. बर्लिन २०१५ आणि मेक्सिको २०१६, या दोन शर्यती तो रस्त्यावर जिंकला होता आणि दोन्ही तांत्रिक तपासणीत गेल्या. मेक्सिकोत गाडी दोन किलोहूनही कमी फरकाने हलकी निघाली होती. आणि वेर्लाइन? मेक्सिकोतच, २०२१ मध्ये प्वेब्लाला, तो पोर्शमधून पहिला आला. टायरांची कागदोपत्री नोंद संघाकडून राहिली म्हणून तो बाद झाला आणि विजय गेला पुन्हा दी ग्रासीकडे. या दोघांच्या नावांमध्ये मेक्सिकोची काय गाठ आहे कोण जाणे.

त्या वेर्लाइनने पुढे मेक्सिको सिटीत दोन वेळा शर्यत जिंकली आणि २०२४ मध्ये जगज्जेतेपदही. २०२५ चा जगज्जेता रोलंडसुद्धा हैदराबादला महिंद्राच्याच गाडीत होता. आपल्या संघातून बाहेर पडलेले दोघं लागोपाठ जगज्जेते झाले, याचं मला दुःख होत नाही, उलट जवळचा कुणीतरी जिंकला असंच वाटलं. फेलिक्स रोझेनक्विस्टने २०१७ मध्ये बर्लिनला महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला तेव्हाही असाच आनंद झाला होता. ड्रायव्हर म्हणून मात्र भारतातून चंधोकनंतर जेहान दारूवाला एवढाच, आणि तोही मासेरातीकडून, एका हंगामापुरता.

तर, रकान्याकडे. शिल्लक मोजायची म्हटलं की लोक हटकून २४ एप्रिल २०२१ च्या व्हॅलेन्सियाचा दाखला देतात. पाऊस, वारंवार सेफ्टी कार (धोका असला की सगळ्यांच्या पुढे राहून सावकाश चालवायला लावणारी गाडी), आणि त्या काळात नियम असा की सेफ्टी कार चालली तेवढ्या वेळाच्या प्रमाणात प्रत्येकाची वीज कापायची. शेवटी आघाडीवरच्या अँतोनियो फेलिक्स दा कॉस्टाने घड्याळात काही सेकंद बाकी असताना रेषा ओलांडली, त्यामुळे अनेकांच्या हिशेबापेक्षा एक लॅप वाढला. त्या लॅपमध्ये एकामागून एक गाड्या कोरड्या पडल्या. निक डे व्रीस जिंकला आणि बाकीचे गोगलगाईच्या चालीने रेषेकडे सरकले. ‘ही काय शर्यत?’ असा सूर तेव्हा सगळीकडून उमटला. नियम फसला होता हे खरंच आहे. पण ज्यांनी तो दिवस खेळाची फजिती म्हणून सोडून दिला त्यांचं मला पटत नाही. पावसात, अर्धवट माहितीवर, पुढे काय होणार याचा अंदाज बांधून थोडं जास्त राखून ठेवणारा त्या दिवशी जिंकला. फॉर्म्युला वनसारखी गाडीतली सगळी आकडेवारी इथे पिटमध्ये थेट दिसत नाही. ड्रायव्हर स्वतः रेडिओवर आकडा सांगतो, बऱ्याचदा सांकेतिक भाषेत, कारण प्रतिस्पर्धीही ऐकत असतात. ताशी दोनशेच्या वेगात भिंतीजवळून जाताना माणूस पडद्यावरची टक्केवारी वाचतो, ती फिरवून सांगतो आणि उत्तर ऐकतो.

वेगाच्या नुसत्या विक्रमांना ही अडचण नाही, म्हणून ते वाचायला सोपे. ताशी शंभर किलोमीटर पहिल्यांदा ओलांडणारी गाडी विजेचीच होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १८९९ च्या वसंतात पॅरिसजवळच्या आशेरला कामिल जेनात्झी या बेल्जियन माणसाने पाणतीराच्या आकाराच्या गाडीवर बसून ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले. २०१८ मध्ये रोमाँ द्युमाने पाइक्स पीकचा जवळजवळ वीस किलोमीटरचा, १५६ वळणांचा डोंगर फोक्सवागनच्या विजेच्या गाडीतून ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत सर केला. हवा विरळ होत जाते तसं इंजिन दमतं. मोटरला श्वासच घ्यावा लागत नाही. त्या विक्रमाला आजही मनातल्या मनात सलाम करतो. पण तिथे समोर दुसरं कुणी नसतं. शिखरावर पोचेपर्यंत पुरेल एवढी बॅटरी घ्यायची आणि रिकामी करायची. शर्यतीत, समोरच्याकडे किती आहे हे नक्की माहीत नसताना आपलं किती काढायचं, हा प्रश्न वेगळ्याच जातीचा आहे.

माझी भाची पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि विजेवर चालणारी फॉर्म्युला गाडी बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीममध्ये आहे. तिच्याशी यावरून माझे वाद होतात. तिचं म्हणणं, सगळ्यांत मोठा व्हेर्नच. “मामा, दोन वेळा जगज्जेता, तेही लागोपाठ. २०२५ पर्यंत दुसऱ्या कुणाला जमलं?” नाही जमलं, हे मान्य. २०१८-१९ च्या हंगामात तर पहिल्या आठ शर्यतींना आठ वेगवेगळे विजेते होते, आणि नववी जिंकून दुसरा विजय मिळवणारा पहिला माणूस व्हेर्नच होता.

मी इव्हान्सचं नाव घेतो. डिसेंबर २०२४, साओ पावलो. पात्रता फेरीत गाडी बंद पडली, म्हणून सगळ्यांत मागून, बाविसाव्या जागेवरून सुटला आणि जिंकला. इतक्या मागून या खेळात त्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. पुढचा विजय मिळायला त्याला जुलै उजाडला, बर्लिनमध्ये. तेव्हा चौदा विजयांसह तो ब्युएमीच्या बरोबरीला आला. तोवर त्याच्या नावावर एकही जगज्जेतेपद नव्हतं. २०२४ मध्ये लंडनच्या शेवटच्या शर्यतीत जादा ताकद मिळवण्यासाठी ट्रॅकवरच्या ठरलेल्या पट्ट्यावरून गाडी न्यायची होती. ती खूण त्याच्याकडून थोडक्यात हुकली आणि विजेतेपद सहा गुणांनी वेर्लाइनकडे गेलं.

“म्हणजे हुकलंच ना,” भाची म्हणते.

तिच्या टीमचं वर्कशॉप मी पाहिलं आहे. पत्र्याचं छप्पर, दोन टेबलं, मधोमध पाइप जोडून केलेला सांगाडा. उच्च दाबाच्या नारिंगी केबल, आणि बॅटरीला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत चढवायचे रबरी हातमोजे. एखादा सेल ६० अंशांच्या वर तापला तर गाडी बंद पडलीच पाहिजे, असा नियम. ती माझ्याशी बोलत होती, पण नजर लॅपटॉपवरच्या तापमानाच्या रांगांवर. एक सेल इतरांपेक्षा सारखा दोन अंश वर राहत होता, त्याचा तिला राग आला होता. “हाच आमचा वेग ठरवतो,” असं म्हणून तिने पडद्यावर बोट ठेवलं.

आणि इथेच मला माझा रकाना सापडला. या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत सगळ्यांत मोठी परीक्षा एनड्युरन्सची, साधारण बावीस किलोमीटर, मध्यावर ड्रायव्हर बदलून. तिच्यात वेगाचे गुण मिळतातच, पण त्या अंतरात गाडीने किती वीज खाल्ली याचेही वेगळे गुण असतात. रखडत चालवून वीज वाचवणाऱ्याला ते मिळत नाहीत, ठरावीक वेळेच्या आतच यावं लागतं. जगज्जेत्यांच्या निकालात जे छापत नाहीत, ते वीस-एकवीस वर्षांच्या या मुलांच्या निकालात छापलेलं असतं.

तिच्या वर्कशॉपच्या भिंतीवर सरावाचा तक्ता आहे. ड्रायव्हरच्या नावापुढे लॅपची वेळ, आणि तिच्या शेजारी दर किलोमीटरला किती वॉट-तास. भाची वेळेत दुसरी आहे. विजेत पहिली, आणि बऱ्याच फरकाने. टीममधला सर्वांत वेगवान मुलगा आधी बसेल आणि दुसऱ्या टप्प्यात, बॅटरी तापलेली आणि अर्धी उरलेली असताना, गाडी तिच्या हातात द्यायची असं त्यांनी ठरवलं आहे. स्पर्धा कोइम्बतूरला, कारी मोटर स्पीडवेवर. मी जाणार आहे.